सशाचा कान, आपला गाल

सशाच्या कानाची आतली बाजू पातळ आणि गुळगुळीत असते. तिथे एखादा त्रासदायक पदार्थ रोज चोळला, की दोन-तीन आठवड्यांत रोमकुपांच्या तोंडाशी बुचं बसू लागतात. १९४१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सशाच्या कानाचा हा गुण एका वेगळ्याच कामाला लावला. क्लोरीनयुक्त रसायनं हाताळणाऱ्या कामगारांच्या तोंडावर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या उठत. त्यातलं दोषी रसायन कोणतं, हे त्यांना सशाच्या कानावरून ओळखायचं होतं.

पुढे १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी ओटो मिल्स यांनी हाच कान क्रीम-लोशनांची परीक्षा घ्यायला वापरला. तारुण्यातले मुरूम ओसरायच्या वयातही कितीतरी बायकांच्या हनुवटीवर बारीक पुटकुळ्या दिसत आणि त्यामागे रोज लावायची क्रीमं असावीत, असा दोघांचा संशय होता. कान म्हणाला, संशय खरा. या प्रकाराला त्यांनी 'ॲक्ने कॉस्मेटिका' असं नाव दिलं. मग १९८०च्या दशकात जेम्स फुल्टन यांनी प्रसाधनांतल्या घटकांना सशाच्या कानावर तपासून शून्य ते पाच असे गुण दिले. पाच म्हणजे रोमकूप हमखास बुजवणारा. खोबरेल तेलाला आणि कोको बटरला चार मिळाले.

त्वचेतल्या त्या बुचाला वैद्यकात 'कॉमेडो' म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ खादाड. दाबल्यावर बाहेर येणारी पांढरी शेव पाहून पूर्वीच्या लोकांना ती अंग खाणारी अळी वाटली होती. बूच न बसवणारं ते 'नॉन-कॉमेडोजेनिक'. मेडिकलच्या काउंटरवर हा शब्द आज निम्म्या डब्यांवर दिसतो. मुरूम येणारा माणूस तो वाचतो आणि निर्धास्त होतो.

गोष्ट इथे संपत नाही. सशाचे रोमकूप माणसापेक्षा फार लवकर बुजतात, हे नंतर लक्षात आलं. १९९६ मध्ये खुद्द क्लिगमन यांनीच आपल्या जुन्या कसोटीचा फेरविचार मांडला. पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं व्हॅसलीन, सशाचेही रोमकूप बुजवत नाही आणि माणसाचेही नाही, असं त्यांनी दाखवलं. २००६ मध्ये झोई ड्रेलॉस आणि जोसेफ डिनार्डो यांनी आणखी एक गाठ सोडवली. 'दोषी' घटक असलेली तयार प्रसाधनं त्यांनी माणसांच्या पाठीवर तपासली, तेव्हा ती दोषी ठरली नाहीत. घटक किती आहे, कशात मिसळला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. मिरचीचा तिखटपणा वेगळा आणि मिरची घातलेल्या आमटीचा वेगळा.

क्लिगमन यांचं नाव त्वचाविज्ञानात आदरानं घेतलं जातं आणि संकोचानंही. मुरमांवर ट्रेटिनॉइन वापरात आलं ते त्यांच्यामुळे. पण फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी केलेले प्रयोग हा अमेरिकी वैद्यकाच्या इतिहासातला न पुसलेला डाग आहे.

काटेसावरीचे काटे

सुश्रुतसंहितेत मुरमांना 'मुखदूषिका' म्हटलं आहे आणि तरुणांच्या तोंडावरच्या या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिचं कोवळं खोड जवळून पाहिलं असेल तर उपमा लगेच पटते. बुडाशी रुंद, टोकाशी निमुळते काटे, एकाशेजारी एक.

काटा वर दिसतो, पण त्याची तयारी आत चाललेली असते. प्रत्येक रोमकुपाला एक तेलग्रंथी जोडलेली आहे. वयात येताना मुलांत आणि मुलींतही अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी रोमकुपाच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी यांचं बूच तयार होतं. त्याचं तोंड उघडं राहिलं तर हवेमुळे आणि मेलॅनिनमुळे ते काळं पडतं, तो ब्लॅकहेड. तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवरचा नेहमीचाच जिवाणू माजतो, शरीर त्याच्यावर धावून जातं आणि लाल, ठणकणारा मुरूम वर येतो.

यातून खरेदीला निघालेल्या माणसासाठी दोन गोष्टी निघतात. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नाही, त्यामुळे घासून तो जाणार नाही. आणि आज आरशात दिसलेल्या मुरमाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. काल लावलेल्या क्रीमला आज शिक्षा करणं किंवा शाबासकी देणं, दोन्ही घाईचं.

तोंड धुण्याचा हिशेब

तेलकट चेहऱ्याचा माणूस पहिल्यांदा जातो तो साबणाकडे. चेहरा ताणल्यासारखा होईपर्यंत धुतला की त्याला स्वच्छ वाटतं. त्वचेच्या बाजूनं पाहिलं तर हे नुकसानीचं काम आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस पदरांचा असतो. या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं म्हणजे चुना. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचा त्रास बाहेर. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण पाच. अंघोळीच्या साबणाचा पीएच असतो नऊ-दहा. पीएचच्या मोजणीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतलं की ही तफावत किती मोठी आहे ते कळतं. साबण मळाबरोबर थोडा चुनाही खरवडतो.

आपल्याकडे साबणाच्या वडीवर 'ग्रेड १' आणि 'टीएफएम ७६ टक्के' असं छापलेलं असतं. टीएफएम म्हणजे मेदाचं एकूण प्रमाण. जास्त टीएफएमची वडी कमी झिजते आणि चांगला फेस देते, पण ती साबणच असते आणि साबण अल्कधर्मीच असतो. त्यात बोअरचं जड पाणी आलं, की त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा राप तयार करतं. बादलीच्या कडेला बसतो तोच राप चेहऱ्यावरही राहतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरच्या पाण्यानं तोंड धुणाऱ्यांना ही चिकट खरखर ओळखीची असेल.

भिंत ढिली झाली की पाणी उडून जातं, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि साधं क्रीमही चरचरतं. म्हणजे चेहरा तेलकटही आणि नाजूकही. अशा चेहऱ्याला मुरमाचं औषध सोसत नाही. चार दिवसांत आग होते, माणूस औषध बंद करतो आणि 'मला काहीच चालत नाही' असं म्हणत पुढची डबी आणतो. औषध खरं तर तोंड धुण्यापाशीच हरलेलं असतं.

म्हणून पहिली खरेदी सौम्य क्लेन्झरची. वडी घ्यायची तर मागे घटक वाचा. 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नेलेट' असं आधी लिहिलं असेल तर तो साबण. 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' असेल तर ती साबणविरहित वडी, जिला सिंडेट म्हणतात. दिवसातून दोनदा आणि खूप घाम आला तर आणखी एकदा, हातानंच, कोमट पाण्यानं. खरखरीत दाण्यांचे स्क्रब आणि घासणी दुकानातच राहू द्या. आणि तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हलकं जेल पुरतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा नाशिकच्या थंडीत थोडं दाट लोशन बरं.

डबीची पुढची बाजू

डबीची पुढची बाजू ही जाहिरात असते. तिथले चार शब्द पारखून घेतले तरी बरेच पैसे वाचतात.

'नॉन-कॉमेडोजेनिक' कुठून आला ते पाहिलं. हा शब्द कधी लावायचा याची कायद्यानं ठरवून दिलेली कसोटी नाही. दोन सारख्या डब्यांपैकी तो असलेली घ्यायला हरकत नाही, पण त्याला हमी समजू नका.

'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाची कथा कोर्टात घडली. १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नियम काढला की हा शब्द छापायचा तर चाचण्या करून दाखवा. दोन प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपिलात तो नियम रद्द झाला. तेव्हापासून अमेरिकेत या शब्दाचा अर्थ उत्पादक म्हणेल तो.

'डर्मॅटोलॉजिस्ट टेस्टेड' म्हणजे तपासलं. किती जणांवर, किती दिवस आणि निकाल काय लागला, हे त्या दोन शब्दांत नसतं.

'नॅचरल' हा शब्द नाजूक त्वचेला सर्वांत महाग पडतो. सुगंधी तेलं नैसर्गिकच असतात, आणि त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांत सुगंधी द्रव्यं फार वर आहेत. युरोपात २६ सुगंधी घटकांची नावं डबीवर वेगळी छापायची सक्ती आली आणि २०२३ मध्ये ती यादी कितीतरी लांबवली गेली. लिमोनीन, लिनालूल, सिट्रल ही त्यातली नावं. लिंबाच्या सालीत, लव्हेंडरमध्ये आणि गवती चहात निसर्गानंच घातलेली.

डबीची मागची बाजू

मागची बाजू बारीक अक्षरात असते. मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. भारतात २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. त्याखालचे कुठल्याही क्रमानं चालतात. म्हणून पुढे ठळक अक्षरात 'कोरफड' असलं आणि मागे कोरफडीचं नाव सुगंधाच्या आणि रंगाच्याही नंतर आलं, तर ती बहुधा चवीपुरतीच आहे.

वनस्पतींची नावं तिथे लॅटिनमध्ये येतात. 'कोकोस न्यूसिफेरा' म्हणजे नारळ. 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' म्हणजे मिसळीचा एक मोठा डबा, आत काय आहे ते सांगावं लागत नाही. नाजूक त्वचेनं 'फ्रेग्रन्स-फ्री' शोधावं. 'अनसेंटेड' वेगळं असतं, त्यात मूळ वास दाबायला दुसरा वास घातलेला असू शकतो. 'मिथाइलआयसोथायाझोलिनोन' हे लांबलचक नाव एका परिरक्षकाचं आहे. त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले, की युरोपनं धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली.

यादी जितकी आखूड तितकं चांगलं, कारण त्रास झालाच तर गुन्हेगार शोधणं सोपं जातं. ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन ही नावं दिसली तर घाबरू नका. ही मंडळी निरुपद्रवी आणि कष्टाळू आहेत.

स्वयंपाकघर आणि मेडिकल

दुकानात जायच्या आधी आपण स्वयंपाकघरात जातो. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्यातली द्रव्यं सूर्यकिरणांशी मिळून त्वचा भाजू शकतात. राहिलेले काळे डाग महिनोन्महिने टिकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. मुरमावर टूथपेस्ट लावली तर तो सुकल्यासारखा दिसतो, कारण आजूबाजूची त्वचा होरपळलेली असते. दिवाळीच्या पहाटे अंगाला लावलेलं उटणं ही मजेची गोष्ट आहे, पण तेच भरड उटणं सुजलेल्या मुरमांवर रोज रगडणं ही नव्हे.

खोबरेल तेलाबद्दल आपल्याकडे बोलणं अवघड, इतकं ते घरचं. केसांच्या मुळाशी ते शतकानुशतकं आहे आणि तिथे राहू दे. पण कपाळाच्या वरच्या कडेला आणि कानशिलापाशी सारख्या बारीक पुटकुळ्या येत असतील, तर आधी तेलाकडे बघा. केसांना लावलेल्या चिकट मलमामुळे कपाळावर येणाऱ्या मुरमांना 'पोमेड ॲक्ने' असं नाव १९७० मध्येच मिळालं आहे. तेल धुवायच्या आधी तासभर लावावं, कपाळावर उतरू देऊ नये आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. कधी कधी या एवढ्या बदलानंच कपाळ मोकळं होतं.

सर्वांत मोठा धोका मात्र मेडिकलमध्ये आहे. "दादा, पिंपलवर काहीतरी द्या," असं म्हटलं की काउंटरवरून एक ट्यूब येते. आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो आणि मैत्रिणी नाव विचारतात. त्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टेरॉइड आहे. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, नको तिथे लव वाढते आणि पूर्वीपेक्षा वाईट मुरूम येतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या बारा केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं लावत होते. म्हणजे दर सातांत एक. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं यासाठी स्वतंत्र कृतिगट नेमला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं लावायच्या मलमांसकट 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातली. '-सोन' किंवा '-सोल' नं संपणारं नाव दिसलं तर ट्यूब खाली ठेवून डॉक्टरांना विचारा.

कामाचे घटक

मुरमांवर ज्यांचा उपयोग तपासून पाहिला आहे, असे घटक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून बुचापर्यंत पोचतं. दोन टक्क्यांपर्यंतचं ब्लॅकहेडला बरं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. १९८६ च्या एका तुलनेत अडीच टक्क्यांचं जेल सुजलेल्या मुरमांवर दहा टक्क्यांइतकंच चाललं आणि त्रास कमी झाला. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे खोटा ठरतो. ते टॉवेलचा आणि उशीचा रंग मात्र घालवतं, म्हणून पांढरे वापरा. ॲडापलीन हे रेटिनॉइड मूळ बुचावरच काम करतं. पहिले काही आठवडे ते त्वचा कोरडी करतं आणि कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात, म्हणून एक दिवसाआड, वाटाण्याएवढं, रात्री लावायचं. गरोदरपणात किंवा त्याची तयारी असताना रेटिनॉइड टाळायचं. नाजूक त्वचेला ॲझेलेइक ॲसिड आणि नायासिनमाइड हे तुलनेनं मवाळ सोबती. ॲझेलेइकचा डागांवरही उपयोग होतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मुरूम जातो, पण डाग मागे राहतो आणि ऊन त्याला गडद करतं. डागांची क्रीमं घेण्याआधी एसपीएफ ३० किंवा अधिकचं, जेल प्रकारातलं सनस्क्रीन घ्या. ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतकं, भरपूर लावा.

वेदनादायक गाठी, खड्डे पाडणारे मुरूम, अनियमित पाळी आणि हनुवटीवर वाढलेले केस यांपैकी काही असेल, तर कुठल्याही डबीवर पैसे घालू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या पावसाळ्यात छाती-पाठीवर एकदम उठल्या तर त्या बुरशीच्याही असू शकतात. त्यांना मुरमाचं औषध लागू पडत नाही.

प्रयोग एका वेळी एकच

नाजूक त्वचेची मोठी अडचण अशी, की तिची तक्रार आरशात दिसेलच असं नाही. इतरांना काहीही न करणाऱ्या गोष्टीनं चरचरणं, टोचणं किंवा आग होणं म्हणजेच संवेदनशील त्वचा. वरून ती अगदी निरोगी दिसू शकते. त्यामुळे मैत्रिणीला चाललेली डबी तुम्हाला चालेल, हे तिच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही.

म्हणून नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ सात ते दहा दिवस लावा. धुवायची वस्तू असेल तर नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवा. लावताच चरचरलं तर बहुधा ती नुसती चिडचिड, कमी लावून किंवा दिवसाआड लावून निभते. एक-दोन दिवसांनी खाज, लाली आणि सूज आली तर ती ॲलर्जी असू शकते. मग थोडंसंही चालणार नाही. हाताला चाललं तर चेहऱ्यावर. पण एका वेळी एकच नवी वस्तू, नाहीतर दोघींतली चोर कोण हे कळणार नाही. सुरुवातीला तीनच वस्तू पुरेत: क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. त्या रुळल्या की मुरमाचा एक घटक. टोनर, सीरम आणि दहा पायऱ्यांचे विधी न करता कोणाचं काही बिघडत नाही.

भारतानं २०१४ मध्ये प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी घातली. तशाही त्या कानावर कितीही प्रयोग केले असते, तरी तुमच्या गालाचं उत्तर त्यात नव्हतंच. ते फक्त तुम्हाला मिळू शकतं आणि त्याला वेळ लागतो. मुरमाच्या उपायाला निदान आठ ते बारा आठवडे.

तेव्हा नवी ट्यूब घरी आणली की आधी पेन घ्या आणि तिच्या पाठीवर सुरुवातीची तारीख लिहा. चौथ्या दिवशी वैतागून दुसरी आणायला निघाल, तेव्हा ती तारीख वाचा आणि चपला परत काढून ठेवा.